नीलधाराचे पाचशे शेअर

किन्हवली,
२८ सप्टेंबर २००८

प्रिय दिनेश,

"पहिलं नाव तुझं टाकू, तुझा पत्ता काही बदलायचा नाही." मुरबाडच्या बँकेत भिंतीला ठोकलेल्या फळीवर फॉर्म ठेवून तू हे म्हणाला होतास. फळीला सुतळीने बांधलेलं पेन होतं. सुतळी आखूड होती, म्हणून तू मान वाकडी करून लिहीत होतास. जानेवारी पंच्याण्णव. मी म्हणाले, हो, बरोबर आहे. तू माझं नाव लिहिलंस, त्याखाली किन्हवलीचा पत्ता, आणि दुसऱ्या रकान्यात तुझं नाव. मंगळवारी तुझं कुरियर उघडलं तेव्हा तेच दोन रकाने पुन्हा समोर आले. त्यांच्याबरोबर हे वाक्यही आलं. मधल्या वर्षांत ते मला बरेचदा आठवलं आहे, पण त्याचा अर्थ ह्याच आठवड्यात लागला असं वाटतं. तो शेवटी लिहीन. आधी कामाचं.

तुझी चिठ्ठी पाच ओळींची आहे. 'आदरणीय जनाबाई' अशी सुरुवात आणि पुढे सगळीकडे 'आपण'. मी 'तू'च लिहिते आहे, आता नवी सवय लावून घ्यायची म्हणजे अवघड. धुळ्यात दीड गुंठ्यावर घर बांधतो आहेस, दिवाळीनंतर स्लॅब टाकायची आहे, नीलधारा हायड्रोसेलचे शेअर कंपनी विकत घेणारे लोक बावीस रुपयांना मागताहेत, तर सगळे पाचशे देऊन मोकळे होऊ, मागे एकही ठेवायला नको, एक राहिला तरी कागद येतच राहतात. हे सगळं पाच ओळींत बसवलंस. फॉर्मवर मी जिथे सही करायची तिथे पेन्सिलीने बारीक फुल्या मारल्या आहेस. दहावीच्या मुलांच्या बोर्डाच्या फॉर्मवर मारायचास तशाच.

कंपनीची बातमी आधी द्यायची, हा आपल्या पत्रांचा नियम होता, तो पाळते. मुंबईच्या मोठ्या समूहाने नीलधारातला मालकांचा हिस्सा जुलैत घेतला. तेव्हा तेलाचा भाव आकाशाला भिडला होता आणि हायड्रोजन पुन्हा सगळ्यांना आठवला होता. नियमाप्रमाणे त्यांना तुझ्या-माझ्यासारख्यांनाही भाव द्यावा लागतो, म्हणून हे बावीस रुपये. ऑफर दहा ऑक्टोबरला बंद होते. पण गेल्या पंधरा दिवसांत अमेरिकेतली एक मोठी बँक बुडाली, बाजार रोज घसरतो आहे, आणि नीलधाराचा बाजारातला भाव आता पंधराच्याही खाली गेला आहे. ऑफर संपली की शेअर बाजारातून कंपनीचं नाव काढून घेणार आहेत. त्यानंतर ज्याच्याकडे शेअर उरतील त्याला गिऱ्हाईक मिळणार नाही. माझा सल्ला असा, की द्यावेत. विकण्याचा सल्ला मी पहिल्यांदाच देते आहे, त्यामुळे हे वाक्य पुन्हा वाचलंस तरी चालेल. चेक पहिल्या नावाने येईल. तो वटला की सगळी रक्कम तुला पाठवेन, स्लॅबसाठी. त्यावर उलट पत्र लिहू नकोस.

सह्या करण्याआधी मी पाचही सर्टिफिकेटं टेबलावर मांडली. शंभर-शंभरची पाच. निळी किनार, वरच्या कोपऱ्यात पाण्याचा थेंब आणि थेंबात वीज. केवढं कौतुक होतं आपल्याला त्या थेंबाचं! तू नववीच्या वर्गात जस्ताच्या तुकड्यांवर आम्ल ओतायचास, नळीच्या तोंडाशी पेटती काडी न्यायचास आणि 'फट्' झालं की पोरं ओरडायची, "सर, अजून एकदा!" शेजारच्या वर्गात माझा इंग्रजीचा तास चालू असायचा आणि माझीही पोरं कान तिकडेच लावून बसायची. त्याच आठवड्यात स्टाफरूममध्ये कुणीतरी डबा गुंडाळून आणलेल्या पेपरात ती जाहिरात होती. नीलधारा हायड्रोसेल लिमिटेड. हायड्रोजन आणि हवेपासून वीज, मागे उरतं फक्त पाणी, आणि पहिला कारखाना मुरबाड एमआयडीसीत. तेलाचे डाग पडलेला तो कागद तू दोनदा वाचलास. म्हणालास, "जना, आपल्या नळीतला 'फट्' कारखान्यात निघाला."

अर्ज कमीत कमी पाचशे शेअरचा करायचा होता. तेवढे पैसे तुझ्याकडेही नव्हते आणि माझ्याकडेही, म्हणून एक अर्ज, दोन नावं. बँकेतल्या कारकुनाने फॉर्म उलटसुलट केला आणि विचारलं, "दोघांची नावं? नातं काय लिहायचं?" तसा रकाना फॉर्मवर नव्हताच, त्याला आपली चौकशी. तू गंभीरपणे म्हणालास, "भागधारक." तो म्हणाला, "सर, ते नातं नाय, तो धंदा." परत येताना सरळगावच्या फाट्यावर बस बदलेपर्यंत तू हसत होतास. मीही हसले. आज लिहिताना दिसतं, की त्या कारकुनाने विचारलेला प्रश्न त्याआधी आणि त्यानंतर आपल्याला कुणीही तोंडावर विचारला नाही.

मग आपली कामाची वाटणी ठरली. पेपर इंग्रजीत, म्हणून वाचणं माझ्याकडे. हायड्रोजनपासून वीज करणारा तो फ्युएल सेल विज्ञानात, म्हणून समजावणं तुझ्याकडे. दर सोमवारी कल्याणहून येणाऱ्या एसटीत शेअरच्या भावांचा तो गुलाबी पेपर यायचा, एकच प्रत. स्टँडवरचा देवराम ती वेगळी काढून ठेवायचा. "बाई, तुमचा गुलाबी आला. एकटाच आला बिचारा." कधी म्हणायचा, "ह्यात भजी बांधली तर भजीपण विंग्रजी बोलतील." मधल्या सुट्टीत मी भाव वाचायची, तू फळ्यावर आकृती काढायचास आणि घंटा झाली की पुसायचास. तू धुळ्याला गेल्यावर दोन्ही कामं मीच केली. मराठी मीडियमची मी, वयाच्या पस्तिशीत आठवीचं विज्ञानाचं पुस्तक पुन्हा घेऊन बसले.

आणि तो प्लॉट. एमआयडीसीच्या आतल्या रस्त्याला, दोन एकर, तारेचं कुंपण आणि 'नीलधारा हायड्रोसेल लि. नियोजित प्रकल्प' असा बोर्ड. राखायला कोंडू, डोक्यावर कंपनीची टोपी, पायात काही नाही. पहिल्या रविवारी तू त्याला अख्खा फ्युएल सेल समजावून सांगितलास. त्याने नीट ऐकलं आणि विचारलं, "म्हंजे मास्तर, शेवटी पाणी निघतं ना? मग ते वालाला सोडता येल का?" भात निघालं की जमिनीत ओल असते त्यावर आपल्याकडे वाल टाकतात, तसे त्याने कंपनीच्या प्लॉटवर टाकले होते. कारखाना यायचा तेव्हा येईल, जमीन कशाला रिकामी ठेवायची, असा त्याचा हिशेब. फाल्गुनात त्याने आपल्याला शेंगांची पिशवी भरून दिली. "घ्या, तुमी मालक ना कंपनीचे? हा तुमचा नफा." पुढे दर वर्षी दिली. नीलधाराने आजतागायत डिव्हिडंड दिलेला नाही. आपल्याला जो मिळाला तो कोंडूचा वाल.

येसूमावशीला तू तिथे आणलंस तो दिवस मला तारखेसकट लक्षात आहे, पण तारीख लिहीत नाही. तुझी आई टोकावड्याच्या पलीकडच्या वाडीतली, जन्मभर दुसऱ्यांच्या भातावर राबलेली आणि उन्हाळ्यात वीटभट्टीवर. तू तिला म्हणालास, "आये, ह्यातला थोडा आपला हाय." तिने सगळ्या दोन एकरांवर नजर फिरवली आणि विचारलं, "कुठला तुकडा?" तू हसायला लागलास, पण ती हसली नाही. मग तू खाली बसून काडीने मातीत आकडे मांडलेस. पन्नास लाख शेअर, त्यातले आपले पाचशे, म्हणजे दहा हजारातला एक भाग. दोन एकरांत दोघांचे मिळून आठ-नऊ चौरस फूट. तुझ्या वाट्याला चार. कोंडू म्हणाला, "एवढ्यात तर कोंबडीपण बसायची नाय." येसूमावशीने त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. तिने बोर्डाच्या खांबाजवळची जागा पसंत केली, चार कोपऱ्यांना चार दगड ठेवले आणि पुढच्या खेपेला कनवटीला वालाचं बी बांधून आली. मला म्हणाली, "बाय, तुझा पन तुकडा बाजूला हाय ना? मंग त्यात पन टाकते गो, मोकला कशाला ठेवायचा?" मधले दोन दगड तिने काढून टाकले.

सर्टिफिकेटं रजिस्टर पोस्टाने आली तेव्हा मी शाळेत होते. पाकीट आमच्या आबांनी सही करून घेतलं. संध्याकाळी ते ओटीवर बसले होते, पाकीट मांडीवर, उघडलेलं. त्यांनी विचारलं, "दुसरं नाव कुनाचं?" मी म्हटलं, शाळेतल्या सरांचं. त्यांनी तुझं नाव पुन्हा वाचलं, आडनावाशी थांबले. आमच्या घरी तुझा चहा फडताळाच्या वरच्या फळीवरच्या निळ्या फुलांच्या कपातून यायचा आणि तो कप इतर कुणाला दिला जात नसे. ते तुला माहीत होतं. मला माहीत आहे हेही तुला माहीत होतं. तू नेहमी चहाची तारीफ करायचास. आबांनी कागद पाकिटात घातले आणि माझ्या हातात दिले. म्हणाले, "कागदावर हाय तवर ठीक हाय." ह्या विषयावर महिपत पाटील आपल्या मुलीशी आयुष्यात एवढंच बोलले. मी हे तुला कधी सांगितलं नव्हतं. पाकीट मी माझ्या पेटीत ठेवलं आणि मला, खरं सांगते, हायसं वाटलं. मी वाईटाची तयारी केली होती, आणि निदान कागदाला परवानगी मिळाली होती.

सत्त्याण्णवच्या जूनमध्ये तू धुळ्याच्या कॉलेजात गेलास. ऑगस्टात तुझं पत्र आलं. त्यात खोलीबद्दल होतं, खानावळीच्या तिखटाबद्दल होतं आणि शेवटी, जाता जाता लिहावं तसं, की इथल्या मुलींच्या शाळेत इंग्रजीची जागा रिकामी आहे, संस्थेचे लोक चांगले आहेत, कोण कुठून आलं असं फार विचारत नाहीत, तुझ्या ओळखीत कुणी असेल तर कळव. मी ते पत्र आठवडाभर पर्समध्ये घेऊन फिरले. मग उत्तर लिहिलं. नीलधाराचा तिमाही निकाल लागला होता. तोटा मागच्यापेक्षा कमी होता, कॅनडातल्या कंपनीशी तंत्रज्ञानाचा करार होणार होता, पुण्याला तीनचाकी गाडीची चाचणी झाली होती. दीड पान मी हेच लिहिलं. रिकाम्या जागेबद्दल एकही ओळ लिहिली नाही. तू त्या पत्राचं उत्तर दिलंस, 'करार झाला तर चांगलं होईल.' पुढच्या वैशाखात तुझ्या लग्नाची पत्रिका आली.

पत्रं मात्र चालू राहिली. त्याला कारण होतं. कंपनीचे सगळे कागद पहिल्या नावाच्या पत्त्यावर येतात, दुसऱ्याला काही कळत नाही, म्हणून कळवणं माझं कर्तव्य होतं. दर तीन महिन्यांनी मी निकाल कळवला, दर वर्षी वार्षिक अहवाल वाचून त्याचं सार लिहिलं. भाव नऊ, सात, साडेचार, तीन. 'घरी सर्व क्षेम' ह्या शब्दांत बाकीचं सगळं. आता मागे वळून बघते तेव्हा वाटतं, एवढ्या निष्ठेने ह्या कंपनीच्या बातम्या तिच्या चेअरमननेही वाचल्या नसतील.

आता एक गोष्ट कबूल करायची आहे. दोन हजार सालच्या फेब्रुवारीत भाव वर जायला लागला. तीनाचे बारा, बाराचे तीस, आणि शिवरात्रीच्या सुमारास शहाऐंशी. रोज सकाळी बाजार उघडला की विकणारा कोणी नसे. तू एसटीडी बूथवरून शाळेत फोन केलास, तुझा एकमेव फोन. मुख्याध्यापकांच्या खोलीत उभी राहून मी बोलले. तू विचारलंस, "विकू या का?" कागदी शेअर तेव्हा बाजारात कोणी घेईनासं झालं होतं. डीमॅट खातं लागायचं, आणि सर्टिफिकेटवर जी दोन नावं आहेत त्याच दोन नावांचं, त्याच क्रमाने. कल्याणला जायचं, दोघांनी समोर बसून सह्या करायच्या, फॉर्मवर दोघांचे फोटो शेजारी शेजारी चिकटवायचे. तू म्हणालास, "मी येऊ का? रविवारी निघतो, सोमवारी पोचतो." मी म्हणाले, "थांबू या अजून. वाढेल." तू लगेच म्हणालास, "तू वाचतेस, तुला माहीत."

मला माहीत होतं. त्या सोमवारच्या गुलाबी पेपरात आतल्या पानावर चार ओळींची बातमी होती, की कॅनडाच्या कंपनीने करारातून अंग काढून घेतलं आहे. कात्रण त्या वेळी माझ्या पर्समध्ये होतं. भाव पडणार हे मला फोनवर बोलतानाच कळत होतं. तरी मी थांबू म्हणाले. एक तर कल्याणच्या त्या ऑफिसात तुझ्या शेजारी बसून फोटो चिकटवायची मला भीती वाटली. तुझं लग्न झालेलं, तुझी मुलगी भूमिका काही महिन्यांची. आणि दुसरं, विकून झालं असतं तर तुला पत्र लिहायला माझ्याकडे काही कारण उरलं नसतं. मेपर्यंत भाव नवावर आला. तू एका शब्दाने दोष दिला नाहीस. 'आपलं नशीब' असं लिहिलंस. नशिबाचा त्यात काही संबंध नव्हता, दिनेश. ते मी केलं. तुझा निर्णय तुला न विचारता मी घेतला, आणि तुझ्या घराची सुरुवात तेव्हा झाली असती ती आता होत आहे. मी माफी मागत नाही, कारण तू ती लगेच देशील.

पुढचं तुला थोडंफार माहीत आहे. दोन हजार दोनच्या अहवालात शेवटून दुसऱ्या पानावर बारीक अक्षरात टीप होती, की मुरबाडचा भूखंड महामंडळाला परत केला आहे. मी ती वाचून त्याच दिवशी मुरबाडला गेले. कोंडू बोर्डाखाली बसला होता. आठ महिन्यांचा पगार नाही. मी सांगितलं तेव्हा म्हणाला, "मला नाय कुणी बोललं. मी राखतोच हाय." तुला मी हे एका ओळीत कळवलं. तुझं कार्ड आलं, 'आईला सांगणार नाही.' ती जाईपर्यंत तू सांगितलं नाहीस. शेवटच्या वर्षी तिला दिसत नव्हतं तेव्हाही ती विचारायची म्हणे, तुकड्यात वाल टाकला का रे. आता तिथे प्लॅस्टिकच्या खुर्च्या बनतात. गेल्या वर्षी मी उगाच फाटकापर्यंत जाऊन आले. बोर्डाचा खांब तसाच आहे, बोर्ड दुसरा आहे. मी येसूमावशीचं नाव पुढे करून तुला काही मागणार नाही, एवढं लक्षात ठेव. आता तुझ्याकडे खरा दीड गुंठा आहे, त्यात वाल टाक म्हणजे झालं.

इकडची बातमी अशी, की आबांना जाऊन पाच वर्षं झाली, आई अजून हिंडतीफिरती आहे. आबांच्या बाराव्यानंतर मी फडताळ आवरलं तेव्हा तो निळ्या फुलांचा कप निघाला. मी आता त्यातूनच चहा पिते. पहिल्या दिवशी आईने बघितलं, दुसऱ्या दिवशी स्वतःच त्यात ओतून दिला. लोडशेडिंग दिवसाचे बारा तास आहे. परवाचा निकाल मी कंदिलावर वाचला, वीज बनवणाऱ्या कंपनीचा. देवरामच्या टपरीवर आता त्याचा मुलगा बसतो आणि गुलाबी पेपर मागवत नाही, म्हणून मी महिन्यातून दोनदा शहापूरला जाऊन इंटरनेटवर भाव बघते. तिथली पूजा नावाची मुलगी मला बघितलं की स्वतःच साइट उघडून देते. परवा म्हणाली, "बाई, एवढीशीच कंपनी बघता? दुसरे शेअर नाय घेतले कधी?" खरंच नाही घेतले.

आता ते वाक्य. बरीच वर्षं मला वाटत होतं, की ती तुझी चेष्टा होती. मुलीचा पत्ता लग्नाने बदलतो, त्यामुळे खरं तर तुझं नाव पहिलं असायला हवं होतं. बँकेतला कारकूनही तेच म्हणाला असता. मधे काही वर्षं वाटलं, की तो टोमणा होता, ही काही आपलं घर सोडणारी नव्हे असा. परवा तुझ्या पेन्सिलीच्या फुल्यांवर सह्या करताना लक्षात आलं, की तू नाव लिहिण्याआधी थांबला होतास. पेन कागदावर टेकलेलं होतं आणि तू माझ्याकडे बघत होतास. ते तू मला विचारलं होतंस. बदलेल, एवढंच मी म्हणायचं होतं. मी 'हो, बरोबर आहे' म्हणाले आणि तू लिहायला घेतलंस. पुढे धुळ्याहून तू तेच पुन्हा विचारलंस आणि मी तिमाही निकाल पाठवला. तुला दोनदा विचारावं लागलं आणि मला दोन्ही वेळा ऐकू आलं होतं. एवढंच मला मान्य करायचं होतं.

सोबत फॉर्म आहे. सगळ्या फुल्यांवर सह्या केल्या आहेत, पाचही सर्टिफिकेटं टाचली आहेत. चार पाठवून एक मागे ठेवावं असं मनात आलं होतं, पण एकदा तुला न विचारता ठरवलं तेवढं पुरे. म्हणून सगळी पाठवते आणि विचारते. ह्या पाचांतलं शेवटचं, ज्याचा नंबर सातावर संपतो, ते शंभर शेअरचं सर्टिफिकेट देऊ नकोस. टाचणी काढ, फॉर्मवर पाचशेच्या जागी चारशे कर, शेजारी सही कर. मी माझी बारीक सही तिथे आधीच करून ठेवली आहे. दहा ऑक्टोबरनंतर त्या कागदाची किंमत शून्य होईल हे मीच तुला वर लिहिलं आहे. त्यावर पुन्हा बातमी येणार नाही, तिमाही निकाल येणार नाही, मला तुला काही कळवावं लागणार नाही. तू लिहिलंस की मागे एकही ठेवायला नको, आणि तुझं बरोबर आहे. तुझ्या घरात ह्या कागदाला जागा असू नये. पण ह्या जगात तुझं आणि माझं नाव एकाखाली एक लिहिलेलं एवढ्याच पाच कागदांवर आहे. तू नाही म्हणशील असं धरूनच लिहिते आहे. त्यातला एक मला परत पाठव.

तुझीच,
जना

पत्ता तोच.